गाडीत पाय घेताना जांघेत कळ येते

नमस्कार मॅडम,
मी ६२ वर्षांची आहे. सात महिन्यांपूर्वी माझ्या उजव्या खुब्याचा सांधा बदलला. झिजेचं जुनं दुखणं गेलं, रात्री झोप लागते, सपाट रस्त्यावर अर्धा तास चालते. पण गाडीत बसताना उजवा पाय उचलून आत घेतला की जांघेत अशी कळ येते की श्वास अडकतो. पलंगावर पाय वर घेताना, जिना चढताना, मोजा घालताना तेच. बराच वेळ बसून उठले की दोन-चार क्षण ताठ उभं राहता येत नाही. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांधा उत्तम बसलाय असं सांगितलं. घरचे म्हणतात, आता त्याचाच विचार करत बसू नकोस. शिकवलेले व्यायाम मी एकही दिवस चुकवलेले नाहीत. पाय सरळ ठेवून उचलायचा व्यायाम तर दहावरून पन्नासवर नेलाय. तरी दुखतंच. ऑपरेशन फसलं का? माझं काही चुकलं का? की हे सगळं मनाचं आहे?
– एक वाचक

ताई,

तुमचा तिसरा प्रश्न आधी घेते, कारण तोच तुम्हाला सगळ्यात जास्त छळतोय असं पत्र वाचताना वाटलं. हे मनाचं नाही. सपाट रस्त्यावर तुम्हाला फारसं दुखत नाही आणि गाडीत, पलंगावर, जिन्यावर, मोजा घालताना हमखास दुखतं. या चारही वेळी तुमचं शरीर एकच काम करत असतं, मांडी पोटाकडे उचलण्याचं. इतक्या नेमाने येणारी कळ कुठल्या तरी ठरावीक जागेतूनच येते. गेली अठ्ठावीस वर्षं मी फिजिओथेरपिस्ट म्हणून सांधेबदल झालेल्या माणसांबरोबर काम करते आहे, आणि दुखण्याचं इतकं नेमकं वर्णन करणारं पत्र मला क्वचितच येतं. हे वर्णन घेऊनच तुम्ही पुढच्या तपासणीला जायचं आहे. ते कसं, ते पुढे सांगते.

आधी त्या जागेविषयी. कमरेच्या मणक्यांच्या बाजूने आणि ओटीपोटाच्या हाडाच्या आतल्या पसरट भागातून एक दणकट स्नायू खाली येतो. त्याचं नाव इलिओसोआस, आम्ही बोलताना नुसतं सोआस म्हणतो. खाली येता येता त्याची दोरीसारखी कंडरा होते. ही कंडरा खुब्याच्या सांध्याच्या अगदी पुढून, म्हणजे बरोबर जांघेतून घसरत जाते आणि मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूला असलेल्या छोट्या उंचवट्याला चिकटते. मांडी वर उचलायची म्हटलं की मुख्य ओढ हीच लावते. तुमच्या आताच्या सांध्यात मूळ खोबणीच्या जागी कृत्रिम वाटी बसवलेली आहे, आणि कंडरा त्या वाटीच्या पुढच्या कडेजवळून जाते. कड थोडी पुढे डोकावत असेल, वाटी किंचित मोठी असेल किंवा तिचा कोन थोडा मागे वळलेला असेल, तर प्रत्येक वेळी पाय उचलताना कंडरा त्या कडेवर घासते. ती सुजते, आणि सुजलेली कंडरा ताणली की कळ येते.

वाटी अगदी जागच्या जागी असूनही कंडरा दुखू शकते, हे मला मुद्दाम सांगायचंय. ऑपरेशनआधी खुबा झिजलेला असताना माणूस वर्षानुवर्षं किंचित पुढे वाकून, पाय थोडा दुमडून वावरतो. सोआस तेवढाच आखूड होऊन बसतो. मग एका दिवसात सांधा नवा होतो, पाय सरळ होतो, कधी काही मिलिमीटरने लांबही होतो, आणि त्या आखडलेल्या स्नायूला अचानक पूर्ण लांबीवर यावं लागतं. बसून उठल्यावर दोन-चार क्षण तुम्हाला ताठ होता येत नाही, ते यामुळे असू शकतं. बसलेलं असताना सोआस आखूड असतो, उठताना तो एकदम लांबवावा लागतो.

हे प्रकरण दुर्मीळ नाही. सांधेबदलानंतर सोआसच्या त्रासाचं प्रमाण वैद्यकीय लिखाणात सुमारे ४ टक्क्यांपर्यंत नोंदवलेलं आहे. तरीही ते निसटतं, आणि त्याला एक साधं कारण आहे. नेहमीचा एक्स-रे समोरून काढतात. सांधा हाडात घट्ट आहे का, मांडीच्या हाडात बसवलेला कृत्रिम सांध्याचा दांडा नीट बसलाय का, दोन्ही पाय समान आहेत का, हे त्यात छान कळतं. वाटीची पुढची कड किती बाहेर आली आहे हे मात्र त्यात जवळजवळ दिसतच नाही. त्यासाठी पाठीवर झोपवून बाजूने घेतलेला एक्स-रे लागतो, किंवा सीटी स्कॅन. त्यामुळे डॉक्टर म्हणाले ते खरं आहे आणि तुम्ही म्हणता तेही खरं आहे.

तुम्हाला स्वतःचंच चुकल्यासारखं वाटतं, त्यात या ऑपरेशनच्या यशाचाही थोडा हात आहे असं मला वाटतं. १९६२ मध्ये जॉन चार्नली यांनी इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात धातूचा छोटा चेंडू आणि प्लॅस्टिकची वाटी हाडाच्या सिमेंटने बसवायला सुरुवात केली. पुढे त्यातून इतकी माणसं चालती झाली की २००७ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या एका लेखाने त्याला शतकातलं ऑपरेशन म्हटलं. ते योग्यच होतं. पण ज्या ऑपरेशनने बहुतेकांचं दुखणं जातं, त्यानंतरही ज्याचं दुखतं त्याला वाटू लागतं की दोष आपल्यातच आहे. तुमच्या पत्रातला ‘माझं काही चुकलं का’ हा प्रश्न मला तिथूनच आलेला दिसतो. तुमचं काही चुकलेलं नाही. फक्त एक गोष्ट आजपासून बंद करा, आणि ती म्हणजे पन्नास वेळा पाय उचलणं.

गुडघा ताठ ठेवून अख्खा पाय वर उचलायचा, म्हणजे पायाचं सगळं वजन एका लांब दांड्याच्या टोकाला टांगल्यासारखं असतं आणि ते पेलायचं काम सोआसकडे येतं. ऑपरेशननंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत मांडीला जाग आणण्यासाठी हा व्यायाम काही ठिकाणी शिकवतात, त्यात चूक नाही. पण सुजलेल्या कंडरेकडून रोज पन्नास वेळा हेच काम करून घेणं म्हणजे खपली धरू पाहणाऱ्या जखमेवर रोज नख फिरवणं. तुम्ही निष्ठेने केलेला व्यायामच दुखण्याला खतपाणी घालत असण्याची शक्यता मला मोठी वाटते. तीन आठवडे तो पूर्ण थांबवा. स्नायू वाया जातील ही भीती बाळगू नका, रोज अर्धा तास चालणाऱ्या माणसाचे स्नायू तीन आठवड्यांत वाया जात नाहीत.

घरी एक गोष्ट करून पाहा. खुर्चीत बसा. आधी उजवी मांडी स्वतःच्या बळावर दोन बोटं उचला आणि कळ येते का ते पाहा. मग मांडीखालून एक रुंद पट्टा किंवा लांब टॉवेल घेऊन, पाय ढिला सोडून, हातांच्या ताकदीने तेवढीच मांडी उचला. स्वतः उचलताना कळ आणि हाताने उचलताना जवळजवळ काहीच नाही, असं झालं तर संशयाची सुई स्नायू आणि कंडरेकडे वळते. दोन्ही वेळा सारखंच दुखलं, किंवा नुसतं पायावर वजन देतानाही दुखलं, तर सांध्याकडे आणि हाडाकडे जास्त बारकाईने पाहायला हवं. हे काही निदान नाही. पण डॉक्टरांना ‘जांघ दुखते’ एवढंच सांगण्यापेक्षा हे सांगितलंत तर तपासणीची दिशाच बदलते.

सोआसचं नाव मी घेतलं म्हणून बाकीची कारणं सोडून द्यायची नाहीत. जांघ ही अशी जागा आहे की तिथे अनेक ठिकाणचं दुखणं येऊन उतरतं.

सगळ्यात आधी जंतुसंसर्ग नाही याची खात्री करायची, कारण तो सुटून गेला तर नुकसान मोठं असतं. त्याचं दुखणं वेगळं असतं. ते विश्रांतीतही असतं, रात्री ठणकतं, आणि पुष्कळदा ऑपरेशनच्या दिवसापासून कधी थांबलेलंच नसतं. ताप नसतानाही संसर्ग असू शकतो. सीआरपी आणि ईएसआर या शरीरात कुठे दाह आहे का ते दाखवणाऱ्या रक्ताच्या दोन साध्या तपासण्या आहेत. ऑपरेशननंतर सीआरपी वाढतो, पण साधारण तीन आठवड्यांत खाली येतो. ईएसआर उतरायला काही महिने लागू शकतात. सात महिन्यांनी सीआरपी वाढलेला असेल तर त्याचं कारण शोधावं लागतं, आणि संशय राहिला तर सुईने सांध्यातलं पाणी काढून तपासतात. इथे एक गोष्ट कृपा करून पाळा. सांधा दुखतोय म्हणून कुणी प्रतिजैविकाच्या गोळ्या देऊ केल्या तर सांध्याचं पाणी तपासायच्या आधी त्या घेऊ नका. गोळ्यांमुळे जंतू तपासणीत दिसेनासे होतात पण सांध्यात तसेच राहतात, आणि मग महिने वाया जातात. अंगात ताप भरलाय, माणूस आजारी दिसतोय, अशी वेळ असेल तर मात्र स्वतः ठरवत बसू नका, रुग्णालय गाठा. तो निर्णय तिथले डॉक्टर घेतील.

दुसरं कारण वाटी सैल होणं. ढोबळ नियम असा की वाटीची तक्रार जांघेत जाणवते आणि दांड्याची मांडीत. सैल सांध्यात उठल्यावरची पहिली काही पावलं दुखतात, मग थोडं सुसह्य होतं आणि जास्त चाललं की पुन्हा दुखतं. तुम्हाला उठताना त्रास होतो म्हणून हे तपासून घ्यायला हवं, जरी अर्धा तास विनातक्रार चालणं त्याच्या विरुद्ध बोलतं. यासाठी आजचा एक्स-रे एकटा पुरत नाही. ऑपरेशननंतरचा पहिला एक्स-रे आणि आजचा, दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की वाटी हलली का ते कळतं. जुने एक्स-रे जपून ठेवा आणि प्रत्येक वेळी सगळे घेऊन जा. इतकी साधी गोष्ट, पण मी पाहिलेल्या कितीतरी लोकांकडे जुनी फिल्मच नव्हती.

तुमच्या वयात आणखी एक विचार करावा लागतो. हाडं ठिसूळ असतील आणि बऱ्याच दिवसांनी माणूस भरपूर चालू लागलं असेल, तर जांघेजवळच्या ओटीपोटाच्या हाडाला केसासारखी बारीक भेग पडू शकते. ती पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही. हिचं दुखणं पायावर भार दिला की येतं, म्हणून तुमच्या वर्णनात ती बसत नाही. पण चालताना दुखायला लागलं तर हे आठवा.

तुमच्या सांध्याची माहिती असलेला कागद रुग्णालयातून मागून घ्या. चेंडू आणि वाटी कशाची आहे हे त्यात लिहिलेलं असतं. धातूवर धातू घासणाऱ्या सांध्यांमधून कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण सुटून आजूबाजूच्या मांसाला इजा होते, आणि जांघेतलं दुखणं हे त्याचं एक लक्षण असतं. २०१० मध्ये एएसआर नावाचे असे सांधे जगभरातून परत मागवले गेले. त्यानंतर मोठ्या चेंडूचे धातू-धातू सांधे बसवणं जवळजवळ थांबलं, त्यामुळे सात महिन्यांपूर्वी बसवलेला तुमचा सांधा तसा असण्याची शक्यता फार कमी आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचा सांधा त्या काळातला असेल आणि आता जांघ दुखू लागली असेल, तर रक्तातल्या या धातूंची पातळी तपासून घ्यायला सांगा.

आणि काही कारणं सांध्याच्या पूर्ण बाहेरची. कंबरेच्या वरच्या मणक्यांतली नस दबली तर दुखणं जांघेत आणि मांडीच्या पुढच्या बाजूला उतरतं. कंबर वाकवल्याने किंवा झोपण्याची बाजू बदलल्याने ते कमी-जास्त होत असेल तर मणक्याकडे लक्ष द्या. खोकताना जांघेत फुगवटा येत असेल तर हर्निया पाहायला हवा. ठरावीक अंतर चाललं की दुखतं आणि थांबलं की काही मिनिटांत जातं, असं असेल तर रक्तवाहिन्या. लघवीचे आणि गर्भाशयाचे विकारही इथे दुखवतात. एका ताईंच्या नव्या खुब्याला आम्ही सगळे दोन महिने दोष देत होतो, आणि अखेर निघाला होता हर्निया. तेव्हापासून मी जांघेच्या प्रत्येक तक्रारीत आधी खोकायला सांगते.

आता रोजचं जगणं. कंडरेला विश्रांती द्यायची म्हणजे अंथरुणावर पडून राहायचं असं मुळीच नाही. पाय उचलायचं काम तिच्याकडून काढून हातांकडे द्यायचं, एवढंच.

गाडीत बसताना आधी सीट शक्य तितकी मागे सरकवा, पाठ थोडी कलती करा. गाडीकडे पाठ करून आधी नितंब सीटवर टेका आणि मागे सरका. मग पट्ट्याचा फास तळपायाखाली अडकवून हातांनी पाय उचला आणि धड व पाय एकदमच आत वळवा. पाय तिथे ठेवून नुसतं धड वळवू नका, नव्या सांध्याला तो पीळ नको आहे. सीट खोलगट असेल तर खाली घट्ट उशी ठेवा, म्हणजे गुडघे खुब्यापेक्षा वर जाणार नाहीत. पलंगावरही हाच पट्टा वापरा. असा पट्टा तयार मिळतो, नाही मिळाला तर लांब टॉवेल किंवा मऊ कमरपट्टा चालतो. ‘इतकी का मी लाचार’ असं मनात येईल, माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात येतं. पण दिवसातून वीस वेळा येणारी कळ वीस वेळा टळली की सूज उतरायला वाव मिळतो.

जिना काही आठवडे एकेक पायरीने चढा. चढताना आधी बरा पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा, आणि कठडा धरायचाच. चालताना पावलं थोडी आखूड टाका. लांब ढांग टाकली की मागे राहिलेल्या पायाचा सोआस ताणला जातो आणि लगेच त्यालाच पाय पुढे ओढावा लागतो. अर्धा तास चालता ते चालू ठेवा, पण एकदम अर्धा तास करण्यापेक्षा पंधरा मिनिटं दोनदा करा. काठी लागली तर ती डाव्या हातात धरायची. बरेच जण दुखऱ्याच बाजूला धरतात, त्याने सांध्यावरचा भार हवा तसा कमी होत नाही. मोजा घालण्यासाठी लांब दोऱ्यांचं साधन मिळतं, ते घ्या. वाकून, पाय ओढून घालणं आत्ता नको.

बसण्याचं विशेष सांगते. एका वेळी अर्धा-पाऊण तासापेक्षा जास्त बसू नका. उठण्याआधी खुर्चीच्या पुढच्या कडेवर सरका, हातांनी रेटा देऊन उठा, सरळ उभ्या राहा, दोन श्वास घ्या आणि मगच पहिलं पाऊल टाका. दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं पाठीवर अगदी सपाट झोपा, गुडघ्याखाली उशी न घेता. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, कारण सोआस आखूड होतो. पण नेमकं त्यामुळेच तो आखूड राहायला शिकतो. कंबरेत फार ओढ बसत असेल तर सुरुवातीला अगदी पातळ घडी घ्या आणि काही दिवसांनी काढून टाका.

पलंगाच्या कडेवरून पाय खाली लोंबकळत सोडण्याचा ताण तुम्हाला कुणी सुचवेल. तो मनाने करू नका. खुबा मागे ताणला आणि पाय बाहेर वळला तर काही प्रकारच्या ऑपरेशननंतर, विशेषतः पुढून केलेल्या, सांधा निखळायचा धोका असतो. तुमचं ऑपरेशन पुढून, बाजूने की मागून झालंय हे विचारून घ्या आणि ताणाचे व्यायाम फिजिओथेरपिस्टसमोरच शिका.

बंद केलेल्या व्यायामाच्या जागी काय करायचं, तर आता नितंबाच्या स्नायूंना कामाला लावायचं. ते कमजोर असले की चालताना सोआसवर जास्तीचा बोजा येतो. कठड्याला धरून ताठ उभं राहून पाय हळूहळू बाजूला नेणं. गुडघे दुमडून पाठीवर झोपून नितंब थोडे वर उचलणं. दहा-दहा वेळा, सावकाश. कळ बरीच उतरली की मग सोआसला हळुवार परत बोलवायचं. खुर्चीत बसून तळहात मांडीवर ठेवा आणि मांडीने हाताला अगदी हलका रेटा द्या. मांडी हलता कामा नये. पाच-सहा सेकंद, आठ-दहा वेळा. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर दुखणं तीनच्या वर गेलं, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत रेंगाळलं, तर ते जास्त झालं असं समजा. व्यायामाची सायकल वापरत असाल तर सीट उंच करा, खाली असलेल्या सीटवर प्रत्येक फेरीत मांडी नको तितकी वर येते.

कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं चालेल. पण व्रणाच्या आसपासची कातडी अजून बधिर असू शकते, तिथे गार-गरम नीट कळत नाही, म्हणून अधूनमधून हात लावून पाहा. जांघेत खोल मालिश मात्र कुणाकडूनही करून घेऊ नका, कितीही मायेने कुणी तयार झालं तरी. पायाची मुख्य धमनी, शीर आणि नस तिथूनच जातात. वेदनाशामक गोळ्यांचं म्हणाल तर पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं. सूज उतरवणाऱ्या गोळ्या मूत्रपिंड, जठर आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांशी वाकड्यात जाऊ शकतात, म्हणून त्या विचारूनच घ्या.

एवढं करून सहा ते बारा आठवड्यांत उतार पडायला हवा. नाहीच पडला तर पुढचं पाऊल म्हणजे सोनोग्राफीवर पाहत कंडरेभोवती दिलेलं इंजेक्शन, बधिर करणारं औषध आणि स्टेरॉइड एकत्र. मला ते दोन कारणांसाठी मोलाचं वाटतं. बधिर करणाऱ्या औषधाने पुढचे काही तास कळ गायब झाली तर दुखणं कंडरेचंच आहे याची जवळजवळ पावती मिळते, आणि स्टेरॉइडने सूज उतरते. हे नव्या सांध्याजवळ होतं, म्हणून आधी संसर्ग नाही याची खात्री हवी आणि अनुभवी हातांनी, पूर्ण निर्जंतुक पद्धतीनेच ते व्हायला हवं. त्यानेही भागलं नाही तर दुर्बिणीतून कंडरा सैल करतात, किंवा वाटीची जागा सुधारतात. वाटीची पुढची कड किती डोकावते यावर बरंच ठरतं. साधारण ८ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर कंडरा सैल करण्याने बहुधा काम होतं, त्याहून जास्त असेल तर वाटी बदलण्याचा विचार होतो. कंडरा सैल केल्यावर पाय उचलण्याची ताकद काहीशी कमी होते, हेही आधी समजून घ्या. हे सगळं मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. ‘आता याला काही इलाज नाही’ असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते आहे.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा एक छोटी वही न्या. दोन आठवडे रोज दोन ओळी लिहा, कुठली हालचाल केली, किती दुखलं, किती वेळ टिकलं. भेटीत हे विचारा: बाजूने एक्स-रे किंवा सीटी काढून वाटीची पुढची कड पाहता येईल का? जुन्या एक्स-रेशी तुलना केली का? सीआरपी, ईएसआर करायचे का? हे सोआसचं असू शकतं का? चौथा प्रश्न विचारताना संकोच वाटेल, तरी विचारा. आणि तरीही ‘सगळं ठीक आहे’ एवढंच उत्तर आलं, तर दुखऱ्या सांध्यांच्या फेरशस्त्रक्रिया नियमित करणाऱ्या दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही, चांगले सर्जन स्वतःच तसं सुचवतात.

काही वेळा मात्र वही नको आणि वाट पाहणंही नको. जांघेत एकदम असह्य वेदना होऊन पायावर उभंच राहता आलं नाही, पाय आखूड किंवा वळलेला दिसला, जखमेतून पाणी किंवा पू आला, थंडी वाजून ताप आला, पोटरी किंवा अख्खा पाय सुजून दुखू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. छातीत दुखलं, धाप लागली तर त्या क्षणी निघा.

घरच्यांविषयी थोडं. ‘विचार करत बसू नकोस’ हे ते कदाचित स्वतःच्याच भीतीपोटी म्हणत असतील. तुमच्या आजारपणात तेही दमलेत, आणि पुन्हा काही निघू नये असं त्यांना मनापासून वाटत असेल. त्यांना हे पत्र वाचायला द्या. आणि कुणी मदत करू का म्हणून विचारलं, तर ‘काही नको’ म्हणू नका. गाडीत बसताना तो पट्टा हातात द्यायला आणि दार धरून उभं राहायला सांगा. कळ नेमकी कधी येते हे त्यांना एकदा जवळून दिसू दे.

तर आजपासून पाय उचलायचा व्यायाम बंद, पट्टा सुरू, रक्ताच्या तपासण्या आणि बाजूच्या एक्स-रेसाठी वेळ घ्यायची. तीन आठवड्यांनी त्या वहीतली पहिली आणि शेवटची पानं मला लिहून पाठवा, त्यावरून पुढचे व्यायाम सांगते.